गजर वाजला तर

आभाराचा निरोप आला तेव्हा मी 'कपडे धुण्याच्या मशीनमध्ये लहान मुलांना बसू देऊ नये' या वाक्याशी झटापट करत होते. माझं पोट यावर चालतं. मिक्सर, पंखे, धुलाईची मशीनं यांच्या खोक्यात जी पुस्तिका असते आणि लोक जी खोक्यासकट माळ्यावर टाकून देतात, ती मी लिहिते. साहेबांचं म्हणणं होतं, वाक्य जरा प्रेमळ करा. मुलाला मशीनमध्ये कोंबू नका हे प्रेमानं कसं सांगायचं, याचा विचार करत मी फोन उचलला, वाचला आणि टेबलावर उपडा ठेवला. मग परत उचलला. कुणा मुलीनं लिहिलं होतं, "ताई, तुमच्या पुस्तकानं आम्हाला फार आधार दिला. शेवटच्या दुपारी बाबांचं श्वासाचं मशीन सारखं ओरडत होतं. तुमचं पान भिंतीवर लावलेलंच होतं. त्यात सांगितल्यासारखं हिरवं बटण दाबून धरलं आणि सगळं शांत झालं. बाबाही शांत झोपले. तसेच झोपेत गेले, काही त्रास झाला नाही. ज्यांनी कुणी ते पान लिहिलं त्यांना माझा नमस्कार सांगा." खाली फोटो होता. रिकामा पलंग, दुमडून ठेवलेली चादर, स्टुलावर मशीन, आणि भिंतीवर चिकटपट्टीनं लावलेलं आमचं पान. पानावरची अक्षरं दिसत नव्हती, पण मला ती बघायची गरजही नव्हती. मी मशीनकडे बघत होते. ते नव्या बनावटीचं होतं. जुन्यासारखंच पांढरं, पुढ्यात तसंच हिरवं बटण, फक्त पडदा तिरका. शेजारच्या टेबलावरच्या चित्रकारानं, आमच्या पुस्तिकांतले बाण आणि बोटं तो काढतो, विचारलं, "काय झालं? घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक." माझ्या जिभेला ती सवयच आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या नव्या मशीनची कंपनीची पुस्तिका शोधून काढली. दुसऱ्याच्या पुस्तिका वाचणारी बहुधा मी एकटीच असेन. जुन्या मशीनवर हिरवं बटण दाबून धरलं की गजर थोडा वेळ गप्प बसायचा आणि हवा चालू राहायची. नव्या मशीनवर गजरासाठी कडेला वेगळं छोटं बटण दिलं होतं. हिरवं बटण दाबून धरलं तर मशीन 'विश्रांती' घेतं, असं लिहिलं होतं. म्हणजे हवा बंद; विश्रांती हा त्यांचा शब्द. मला त्या शब्दामागे बसलेला माणूस दिसला, माझ्यासारखाच, साहेबांनी वाक्य जरा सौम्य करा म्हणून सांगितलेला. मी डबा न उघडता तसाच परत पिशवीत टाकला. त्या मुलीच्या बाबांना आमच्या पानानं मारलं होतं, आणि तिनं आम्हाला नमस्कार पाठवला होता.

आमचं पुस्तक म्हणजे काय, ते सांगायला हवं. घरी श्वासाच्या मशीनवर असलेल्या माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी आम्ही काही जणांनी मिळून ते लिहिलं. आमच्यात डॉक्टर कुणी नव्हतं. कुणाची आई आजारी होती, कुणाचा नवरा, माझा धाकटा भाऊ. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. टोपणनावांवर सगळा कारभार. मी सगळ्यांचे स्वल्पविराम टोचत फिरायची म्हणून मी सुई. फुकट लिहायचं, इंटरनेटवर फुकट वाटायचं, ज्याला हवं त्यानं छापून घ्यायचं. हळूहळू इस्पितळं घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात त्यातली पानं ठेवू लागली. सगळ्यात जास्त छापलं जायचं ते 'गजर वाजला तर' हे प्रकरण, आणि ते कासवानं लिहिलेलं. एकेका वाक्याला तो आठवडा लावायचा. त्याची आई मशीनवर होती, आणि आईचा आजार आपल्यातही उतरलाय हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणायचा, मी हे माझ्यासाठीच लिहून ठेवतोय, तुम्ही वाचलंत तर वाचा. त्यातलं एक वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन: गजर वाजला की आधी पडद्याकडे बघू नका, माणसाकडे बघा. माझ्या भावाच्या खोलीत पहिल्यांदा गजर वाजला तेव्हा मी दारात थिजले होते. आई देवाला हाका मारत होती, भाऊ डोळे वटारून माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या हातात ते पान होतं. माणसाकडे बघा. मी बघितलं. नळी मानेखाली दुमडली होती, ती सरळ केली, बास. तो नंतर गेला तो छातीतल्या संसर्गानं, पण त्या दुपारी आणि तशा कितीतरी दुपारी तो कासवाच्या वाक्यांवर जगला. ही वाक्यं मी कधी पाठ केली नाहीत. ती अंगात मुरली.

लोक म्हणतात मौन म्हणजे संमती. आमच्यात मौन म्हणजे नकार. हा नियमही कासवाचाच. सुरुवातीला एका मशीन विकणाऱ्यानं आमचं एक प्रकरण उचललं, त्यात मध्येच आपल्या मालाची तारीफ घुसडली आणि खाली आमची नावं तशीच ठेवली. तेव्हा कासव उखडला. त्यानं ठराव मांडला की छापा, वाटा, भिंतीला लावा, पण ज्याचं प्रकरण त्याच्या शब्दाशिवाय एक अक्षर हलवायचं नाही, आणि शब्द आला नाही तर नकार समजायचा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ती अट आहे. तेव्हा ती कुंपणासारखी वाटली होती. शेत खायला येणारी जनावरं आम्हाला दिसत होती, पण शेतावरचा माणूसच एक दिवस दिसेनासा होईल हे काही सुचलं नाही. आणि खरं तर सुचायला हवं होतं, कारण आमच्यात माणसं दिसेनाशी होतातच. घरचा आजारी गेला की सांभाळणारा गप्प होतो. तो का गप्प झाला हे न विचारणं ही आमच्यातली रीत, सभ्यपणा. माझा भाऊ गेला तेव्हा कुणी मला विचारलं नाही, आणि मी त्यांची ऋणी होते. कासवाचा शेवटचा निरोप होता, "घरी नवं मशीन आलंय. बघतो आणि प्रकरणात काय बदलायचं ते कळवतो. घाई करू नका." त्यानंतर काही नाही. आम्ही घाई केली नाही. आई गेली असेल बिचाऱ्याची, असं मनात म्हणून आम्ही पुढे सरकलो.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भाजी चिरत होता. म्हणाला, "मग बदल ना. एक वाक्य तर आहे."

"माझं नाहीये ते."

"घर पेटलंय आणि तू बादली कुणाची ते विचारत बसलीस, संपादकीणबाई."

मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता. म्हणून मी उगाच तावातावानं समजावत सुटले. आज मी कासवाचं वाक्य हलवलं तर उद्या तो मशीनवाला परत येईल आणि म्हणेल, तुम्ही करता मग मी का नाही. दोघातिघांनी तर आधीच सांगून ठेवलंय की अट मोडली तर आम्ही आमची प्रकरणं काढून घेऊ. भांडण झालं की इस्पितळं पुस्तक छापायची बंद होतील, मग त्या माणसांच्या हातात काय उरेल? नवरा सुरी थांबवून म्हणाला, "बरं. मग पुढचा गेला की त्याच्या मुलीचाही नमस्कार येईल." ते तो टोचायला बोलला नव्हता. नुसतं बोलून गेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले.

आमच्यात एक वकील आहे, बायकोसाठी आलेला आणि बायको गेल्यावरही न गेलेला. त्याला मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मुख्य पानावर इशारा टाक, आत्ता लगेच. प्रकरणाला हात लावू नकोस." इशारा मी दुपारीच टाकला होता. पण लोक मुख्य पान बघत नाहीत. ते एकाच प्रकरणाची प्रत काढतात, भिंतीला लावतात, शेजारच्यांना देतात. इशारा काही त्या कागदामागे पळत जात नाही. प्रकरण स्वतः बदललं तरच ते उतरवून घेतलेल्या प्रत्येकाला फोनवर आपोआप कळतं: आधी काय होतं आणि आता काय आहे, दोन्ही शेजारी-शेजारी. "मग नवं प्रकरण लिही," वकील म्हणाला, "सगळंच्या सगळं, तुझ्या शब्दांत. त्याच्यातलं एक वाक्यही येता कामा नये." मी बसले. गजर वाजला की, असं लिहिलं आणि पुढे हात आपोआप लिहू लागला, आधी पडद्याकडे बघू नका. खोडलं. प्रथम रुग्णाचे निरीक्षण करावे, असं लिहिलं. ते वाचून मला शरम वाटली. थिजलेली बाई दारात उभी असताना तिच्या हातात मी 'निरीक्षण करावे' कसं ठेवू? परत खोडलं. मी दिवसभर असल्या वाक्यांवर जगते, मला प्रेमळ लिहिता येतं, सौम्य लिहिता येतं, कायद्यात बसेल असं लिहिता येतं, पण त्या खोलीविषयी माझ्याकडे माझे असे शब्दच नव्हते. होते ते सगळे त्याचे. भाऊ त्या शब्दांनी श्वास घेत होता. दुसऱ्या कुणाला लिहायला सांगावं तर आमच्यातल्या प्रत्येकाची हीच गत. ज्यानं ते प्रकरण वाचलं नाही त्याला मशीन कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो त्याच पानावर शिकला होता.

कासवाला मी पत्त्यांवर पत्ते धुंडाळत निरोप टाकत राहिले. उत्तर नाही. मग माळ्यावरचं एक खोकं आठवलं. भावाच्या मशीनचा फिल्टर मिळेना तेव्हा कासवानं आईच्या साठ्यातला पाठवला होता, आणि त्या खोक्यात आता आमचे जुने चार्जर होते. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला होता. रविवारी मी दोन बस बदलून तिथे गेले. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं, असं सुरू करायचं ठरवलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या दाराशी पोचले तर आतून मशीनचा आवाज येत होता. तो आवाज मी शंभर आवाजांत ओळखेन. हवा आत, जरा थांबणं, हवा बाहेर. मला बरं वाटलं, आई आहे म्हणजे, असं.

दार त्याच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. पन्नाशीची बाई, हात ओले, पदर खोचलेला. मी सांगितलं, पुस्तकाच्या कामाची, मला सुई म्हणतात. ती हसली. "तुम्ही होय सुई. तुमच्या स्वल्पविरामांना तो फार वैतागायचा. या ना." आत पलंगावर आई नव्हती. आई केव्हाच गेली होती. पलंगावर कासव होता. मी त्याला किडकिडीत, चष्मेवाला समजत आले होते. तो चांगला रुंद खांद्यांचा निघाला. डोळे उघडे होते आणि छताच्या एकाच जागी लागलेले. स्टुलावर तिरक्या पडद्याचं मशीन, आणि भिंतीवर त्याचंच पान.

"ऐकू येतं का नाही, कोण जाणे," बहीण म्हणाली. "मी बोलत असते." मग त्याच्याकडे वाकून मोठ्यानं म्हणाली, "अरे, सुई आलीय बघ." मी पुढे झाले. माझ्या तोंडून निघालं, तुम्ही भावासाठी फिल्टर पाठवला होता. त्यावर काय झालं तर मशीननं हवा आत ढकलली आणि बाहेर काढली.

ती चहा टाकता टाकता सांगू लागली. मी विचारलं नव्हतं. असल्या घरात न विचारताच सांगतात. आई गेल्यावर वर्षभरात हा मशीनवर आला. पण डोकं तल्लख, एका बोटानं लिहायचा, चिडायचा, हसायचा. मग कंपनीनं जुनं मशीन नेलं, हे दिलं. दोनतीन दिवसच झाले होते. दुपारी गजर वाजला. "मी पळत आले. त्यानंच लिहिलंय ना सगळं, मला तोंडपाठ. नळी बघितली, मान सरळ केली, हिरवं बटण दाबून धरलं. गप्प झालं मशीन. त्याच्याकडे बघितलं, तो डोळे मोठे करून काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, थांब रे, भांडी घासतेय, येते. आले तर ओठ निळे." तिनं गॅस बारीक केला. "इस्पितळातून हा असा परत आला. मशीन बिघडलं असणार. कंपनीनं बदलून दिलं, तसलंच दुसरं. तेव्हापासून मी मशीनला हात लावत नाही. दिवसा बाई ठेवलीय, रात्री भाचा येतो."

मी कप धरून बसले होते. वर्षभर आम्ही ज्याच्या शब्दाची वाट बघत होतो त्याचा शब्द त्याच्याच वाक्यानं काढून घेतला होता, आणि कळवतो म्हणाला होता ते कळवायला त्याला जेमतेम तीन दिवस मिळाले होते. तेवढ्यात गजर वाजला. बहीण उठली नाही, तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. सांभाळणारी बाई गॅलरीतून आली, त्याच्याकडे बघितलं, नळीत साचलेलं पाणी झटकलं, मशीनच्या कडेचं छोटं बटण टिचकीसारखं दाबलं आणि कपडे वाळत घालायला परत गेली. बहीण तिच्या पाठीकडे बघत म्हणाली, "ही कडेचं दाबते. मी तिला म्हटलंही, कागदात हिरवं लिहिलंय. तर म्हणे, या मशीनला असंच असतं." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही कशासाठी आलात ते राहिलंच."

मी म्हटलं, "प्रकरणात थोडा बदल करायचाय. परवानगी हवी होती."

"काय बदलायचंय?"

तेव्हा मला 'ठीक' सारखं काहीतरी म्हणता आलं असतं. शुद्धलेखन म्हणता आलं असतं. तिनं आनंदानं मान हलवली असती आणि मी परवानगी घेऊन निघाले असते. बसमध्ये मी ठरवलं होतं की काय वाटेल ते झालं तरी वाक्य बदलूनच परतायचं. पण वाक्य बदललं की तिला दिसणार होतं, सगळ्या जगाला दिसेल तसं, आधी काय होतं आणि आता काय आहे. मी भिंतीवरच्या पानाकडे बघितलं. मग बटणाकडे. मग कपात. तोंड उघडलं, पण माझ्याकडे त्या खोलीविषयी शब्द नव्हते, हे मी आधीच सांगितलं आहे.

ती माझ्याकडे बघत होती. पडद्याकडे नाही, माझ्याकडे. तिला कळलं ते मला दिसलं. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि भावाच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिली. एकदा म्हणाली, "तो डोळे मोठे करून सांगत होता." मी म्हटलं, "ताई, तुमची काहीच चूक नाही. पान जुनं होतं." ते मी मनापासून म्हटलं, आणि ते खरंही होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "बदला. त्याचं नाव वर तसंच ठेवा. त्यानं बदललंच असतं ना?"

"हो. कळवतो म्हणाले होते."

"मग त्यानं कळवलं समजा. माझं नाव कुठे घालू नका." भिंतीवरचं पान तिनं काढलं नाही. एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटली होती, तिच्यावर अंगठा ठेवून ती दाबून धरून उभी राहिली. मी दार ओढून घेतलं तेव्हाही तशीच उभी होती.

जिन्यातूनच वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, "कायद्यानं बहिणीला लगेच अधिकार येतो असं नाही. पण मंडळींना मी समजावीन. कर तू." घरी आल्यावर मी वाक्य लिहिलं. नव्या मशीनवर हिरव्या बटणाला हात लावू नका, कडेचं छोटं बटण एकदाच दाबा, आणि गजर थांबला तरी माणसापासून हलू नका. मी कितीही वेगळं लिहायला गेले तरी ते त्याच्याच चालीत आलं. यावेळी खोडलं नाही. कारणाच्या चौकटीत 'मशीन बदलल्यामुळे' असं लिहिलं. आता एक कळ दाबली की ते सगळ्यांकडे जाणार होतं, पान घेतलेल्या प्रत्येक घरात, आधीचं वाक्य आणि आताचं शेजारी-शेजारी. कितीतरी माणसं वाचणार होती. आणि त्यात ती मुलगीही होती. बसमध्ये असेल, दुकानाच्या रांगेत असेल, बाबांचे कपडे आवरत असेल. तिलाही दोन ओळी वाचून तसंच कळणार होतं, आणि तिथे तिला चूक तुमची नाही असं निरुपयोगी बोलायलाही कुणी नसणार. नवरा मागे येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "दाब की. कसली वाट बघतेस?"

मी म्हटलं, "थांब जरा. आधी एक फोन करायचाय."

निरोपाच्या खाली तिचा नंबर होता. घंटा वाजत राहिली, मला वाटलं उचलणार नाही, आणि खरं सांगायचं तर मी तशीच आशा करत होते. मग तिनं उचलला. तरुण, मोकळा आवाज. मी कोण ते सांगितलं तर तिला फार आनंद झाला. म्हणाली, "अहो ताई, तुम्ही स्वतः फोन केलात. आई, ते पुस्तकवाले बघ." मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, रेडिओ बारीक केला. तिला वाटलं लाइन तुटली.

"बोला ना ताई," ती म्हणाली. "ऐकतेय मी."